टीव्ही किती इंची घ्यावा? आधी बसण्याची जागा मोजा

नवा टीव्ही घ्यायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो "किती इंची घ्यायचा?" हा, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा भिंतीकडे पाहून दिले जाते. भिंत मोठी असेल तर मोठा घ्यायचा, आणि फर्निचरमध्ये टीव्हीसाठी कप्पा आधीच केलेला असेल तर त्यात मावेल तेवढा घ्यायचा, असा सरळ हिशेब असतो. पण चित्र भिंतीला दिसत नाही, ते समोर बसलेल्या माणसाला दिसते. म्हणून टीव्ही असो वा प्रोजेक्टर, आकार ठरवण्याआधी एकच माप हातात असायला हवे: रोजच्या बसण्याच्या जागेवरून, डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर. हे माप घेतले की निम्म्याहून अधिक प्रश्न आपोआप सुटतात, आणि ते न घेता केलेली खरेदी बहुधा लहान तरी पडते किंवा डोळ्यांना जड तरी होते.

इंच म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. खोक्यावर लिहिलेले इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे. आजचे जवळजवळ सगळे टीव्ही १६:९ या प्रमाणात असतात, त्यामुळे कर्ण कळला की रुंदी आणि उंची काढता येते. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो, ५५ इंची १२२ रुंद आणि साडेअडुसष्ट उंच, ६५ इंची १४४ रुंद आणि ८१ उंच, तर ७५ इंची १६६ रुंद आणि ९३ उंच. कडेची चौकट या मापांत धरलेली नाही, पण हल्ली ती अगदीच बारीक असते. इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. कर्ण थोडा वाढला तरी क्षेत्रफळ वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे ५५ वरून ६५ इंचांवर गेल्यास आकड्यात फक्त १० ची भर पडते, पण चित्राचे क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. ४३ वरून ५५ वर जाताना ही वाढ ६० टक्क्यांहून अधिक असते.

पडद्याचे प्रमाण बदलले की नुसता कर्ण कसा फसवतो, हे पेटीसारखे जुने टीव्ही जाऊन सपाट टीव्ही आले तेव्हा अनेक घरांनी अनुभवले. जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ या प्रमाणात, म्हणजे बराचसा चौकोनी असे. २९ इंची नळीचा जो भाग चौकटीखाली झाकला जाई तो वजा केला तरी चित्राची उंची ४० सेंटिमीटरच्या आसपास भरत असे. त्याच्या जागी ३२ इंची सपाट टीव्ही आला, तर त्याच्या चित्राची उंची ४० सेंटिमीटरपेक्षा किंचित कमीच असते. तीन इंच वाढूनही बातम्या देणाऱ्या निवेदकाचा चेहरा होता तेवढाच राहिला. वाढली ती फक्त दोन्ही बाजूंची रुंदी.

कोनाची गोष्ट

आता मूळ मुद्दा. एखादी वस्तू आपल्याला किती मोठी वाटते, हे तिच्या प्रत्यक्ष लांबी-रुंदीपेक्षा ती आपल्या डोळ्यांशी किती मोठा कोन करते यावर अवलंबून असते. पौर्णिमेचा चंद्र हजारो किलोमीटर व्यासाचा आहे, तरी डोळ्यांशी तो जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो आणि म्हणून ताणलेल्या हाताच्या करंगळीच्या टोकाआड झाकला जातो. टीव्हीचेही तसेच आहे. लांबून पाहिलेला ६५ इंची टीव्ही आणि जवळून पाहिलेला ४३ इंची टीव्ही डोळ्यांसमोर सारखीच जागा व्यापू शकतात.

हा कोन मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही. आपल्या नेहमीच्या जागी बसा, एक डोळा मिटा, हात कोपरात न वाकवता सरळ समोर ताणा आणि तळहात जमिनीकडे ठेवून मूठ वळा. या मुठीची रुंदी डोळ्यांशी साधारण १० अंशांचा कोन करते. उंच माणसाचा हात लांब असतो तशी त्याची मूठही मोठी असते, त्यामुळे हे माप बहुतेकांना लागू पडते. आता टीव्हीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकापुढे एक किती मुठी बसतात ते मोजा. तीन मीटरवरून पाहिला जाणारा ३२ इंची टीव्ही दीड मुठीत संपतो, आणि ४३ इंची दोन मुठीसुद्धा पूर्ण भरत नाही. ज्यांना चित्रपट पाहताना "घरी ती मजा येत नाही" असे वाटते, त्यांच्या तक्रारीचे कारण बऱ्याचदा या मोजणीतच सापडते.

किती मुठी असाव्यात, याचाही विचार झालेला आहे. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पुढच्या पिढीच्या टीव्हीवर संशोधन सुरू केले. चित्र किती रुंद असले म्हणजे पाहणाऱ्याला आपण प्रत्यक्ष त्या जागी असल्याचा भास होऊ लागतो, हा त्या संशोधनातला एक मुख्य प्रश्न होता, आणि उत्तर ३० अंशांच्या आसपास आले. आज आपण ज्याला एचडी म्हणतो, त्याची आखणी याच कोनाभोवती झाली. चित्रपट आणि टीव्ही तंत्रज्ञांची संस्था एसएमपीटीई हिच्या नावाने आजही हाच ३० अंशांचा आकडा सांगितला जातो, तर चित्रपटगृहांच्या दर्जासाठी ओळखली जाणारी टीएचएक्स ही संस्था घरच्या चित्रपटांसाठी ४० अंशांपर्यंत जायला सांगते.

हे सगळे गणित एका साध्या भागाकारात बसते. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याला ४ ने भागले की सुमारे ३० अंशांचा पडदा किती इंची हवा ते मिळते, ३ ने भागले की ४० अंशांचा, आणि ५ ने भागले की २५ अंशांचा. समजा अंतर २५० सेंटिमीटर आहे, तर ५ ने भागून ५० इंच, ४ ने भागून ६२ इंच आणि ३ ने भागून ८३ इंच. याचा व्यवहारातला अर्थ असा, की घरकाम करता करता बातम्या आणि मालिका पाहणाऱ्या घराला ५० किंवा ५५ इंच पुरतात, सर्व काही आवडीने पाहणाऱ्या घराला ६५ शोभतो, आणि दिवे मालवून रात्री चित्रपट पाहणाऱ्या माणसाने ७५ चा विचार करायला हरकत नाही. अंतर दोन मीटर असेल तर हेच आकडे ४०, ५० आणि ६६ असे येतात; तीन मीटर असेल तर ६०, ७५ आणि १००.

माझे मत विचाराल तर बैठकीच्या खोलीसाठी ४ चा भागाकार हाच आधार धरावा. ३ चा भागाकार चित्रपटासाठी उत्तम असला तरी तळाशी सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्ट्या आणि पडद्याच्या कोपऱ्यातला धावफलक वाचताना नजर सतत इकडून तिकडे फिरवावी लागते, आणि तासाभराने त्याचा थकवा जाणवतो. चित्रपट मात्र मोठा पडदा मागतात. त्याचे आणखी एक कारण म्हणजे अनेक चित्रपटांची चौकट टीव्हीपेक्षा बरीच रुंद, सुमारे २.३९:१ या प्रमाणात असते. असा चित्रपट ५५ इंची टीव्हीवर लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि साडेअडुसष्टपैकी जेमतेम ५१ सेंटिमीटर उंचीत चित्र उरते. पडद्याचा चौथा हिस्सा काळाच राहतो.

जुना नियम का चुकतो

"कर्णाच्या तीन ते पाच पट लांब बसावे" हा नियम अजूनही पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो त्याच्या काळात चुकीचा नव्हता, आणि तो का होता हे समजले की फोर-के, म्हणजे फुल एचडीपेक्षा अधिक बारकावे दाखवणारा टीव्ही, घ्यावा की नाही हा प्रश्नही सुटतो.

निरोगी डोळ्याला, म्हणजे तपासणीत ज्याला ६/६ नजर म्हणतात त्या डोळ्याला, एका अंशाच्या साठाव्या भागाइतके बारीक अंतर ओळखता येते. या साठाव्या भागाला गणितात "कला" म्हणतात. दोन ठिपक्यांमधले अंतर एका कलेपेक्षा कमी झाले की ते डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, एकमेकांत मिसळतात. जुन्या टीव्हीवरचे चित्र अनेक देशांत ५७६ आडव्या ओळींचे असे. २९ इंची टीव्हीच्या सुमारे ४१ सेंटिमीटर उंचीत या ओळी बसवल्या तर एकेक ओळ ०.७ मिलिमीटर जाडीची होते, आणि ती दिसेनाशी व्हायला जवळजवळ अडीच मीटर मागे जावे लागते. हे अंतर कर्णाच्या साडेतीन पट आहे. म्हणजे लोक लांब बसत ते जवळून ओळी दिसत म्हणून.

फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. ५५ इंची पडद्यावर एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा होतो आणि तो सुमारे २.२ मीटरवरून दिसेनासा होतो. २२० सेंटिमीटर भागिले ५५ किती? बरोबर ४. वरचा ४ चा भागाकार आणि ही मर्यादा एकाच ठिकाणी जुळतात. दर अंशाला ६० कला या हिशेबाने ३० अंशांत १,८०० बारकावे मावतात, आणि फुल एचडी त्याच्याच आसपास पिक्सेल देते. फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० पिक्सेल असतात, म्हणून ही मर्यादा निम्म्यावर येते: २ सेंटिमीटर दर इंचामागे.

यावरून दोन गोष्टी ठरतात. तुमचे अंतर दर इंचामागे ४ सेंटिमीटरपेक्षा बरेच जास्त असेल, उदाहरणार्थ ४३ इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहिला जात असेल, तर फोर-के आणि फुल एचडी यांतला पिक्सेलांचा फरक सामान्य डोळ्याला दिसणार नाही. काही तरुण डोळे ६/६ पेक्षा तीक्ष्ण असतात, त्यांना थोडासा जाणवेल इतकेच. दुसरीकडे, फोर-के टीव्ही घ्यायचाच असेल तर त्याचा फायदा घेण्यासाठी पडदा मोठा तरी हवा किंवा सोफा पुढे तरी हवा. बैठकीच्या खोलीच्या अंतरावर आठ-के, म्हणजे फोर-केच्या दुप्पट आडव्या पिक्सेलांचा पडदा, मात्र बहुतेकांना काहीच अधिक दाखवत नाही.

तरीही एक सावधगिरी सांगायलाच हवी. पडदा मोठा झाला की चित्रातले दोषही मोठे होतात. केबलवरचे जुने, कमी दर्जाचे प्रसारण किंवा इंटरनेट मंद असताना आलेले अस्पष्ट चित्र ७५ इंचांवर ३ च्या भागाकाराने पाहिले तर चेहऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या आणि गवत चौकोनी ठिपक्यांचे दिसते. घरात असेच काही मुख्यतः पाहिले जात असेल, तर ५ चा भागाकार अधिक सुखाचा ठरतो.

जवळ बसून टीव्ही पाहिल्याने डोळे कायमचे बिघडतात, ही भीती मोठ्या पडद्याच्या आड येता कामा नये. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत टीव्हींमधून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले होते, आणि तेव्हा लोकांना टीव्हीपासून लांब राहण्यास सांगितले गेले. तो दोष जुन्या नळीच्या तंत्रातला होता. आजच्या सपाट पडद्यांत ती नळीच नाही. जवळ बसल्याने डोळे थकतात आणि पापण्या कमी लवल्यामुळे कोरडेही पडतात, पण हा त्रास विश्रांतीने जातो. मूल सतत पडद्याजवळ सरकत असेल तर त्याला केवळ रागावून मागे बसवण्यापेक्षा डोळे तपासून घ्यावेत, कारण लांबचे नीट दिसत नाही म्हणूनही मुले पुढे सरकतात.

उंची, कोपरा आणि खिडकी

आकार ठरला तरी पडदा चुकीच्या उंचीवर लागला तर सगळा लाभ वाया जातो, आणि ही चूक अतिशय सामान्य आहे. सोफ्यावर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर असतात. पडद्याचा मध्य त्याच पातळीवर किंवा थोडा वर असावा. ६५ इंची पडदा ८१ सेंटिमीटर उंच, म्हणजे मध्य १०५ वर ठेवायचा तर त्याची खालची कड जमिनीपासून फक्त ६५ सेंटिमीटरवर येते. भिंतीवर खुणा करताना हे माप फारच खाली वाटते, कारण खुणा करणारा माणूस उभा असतो. म्हणून खूण करताना एकाने सोफ्यावर बसावे आणि त्याच्या नजरेने ठरवावे. दाराच्या चौकटीइतक्या उंचीवर लावलेला टीव्ही पाहताना मान मागे झुकते, आणि वर पाहताना डोळे अधिक उघडे राहत असल्यामुळे ते लवकर कोरडे पडतात. जागेअभावी टीव्ही उंच लावावाच लागला, तर तो खाली झुकवता येईल असे ब्रॅकेट घ्यावे.

बाजूच्या खुर्चीबद्दल मी थोडे अधिक लिहितो, कारण याचा धडा मला माझ्याच घरी मिळाला. आमच्याकडे टीव्हीसमोर सोफा आहे आणि आईची खुर्ची खिडकीजवळच्या कोपऱ्यात, पडद्याच्या मध्यापासून बाजूला सुमारे दीड मीटरवर. टीव्ही घेताना मी सोफ्यावरचे अंतर मोजले आणि समाधान मानले. कित्येक महिन्यांनी एकदा आईच्या खुर्चीत बसून पाहिले, तेव्हा काळी वस्त्रे राखाडी आणि चेहरे धुतल्यासारखे फिकट दिसत होते. "मला असंच दिसतं, म्हटलं असंच असेल," असे ती म्हणाली. तिचा कोन तीस अंशांहून थोडा जास्त होता, आणि पडदा व्हीए जातीचा होता. या जातीचे पडदे समोरून उत्तम काळा रंग दाखवतात, पण बाजूने पाहिले की रंग फिकट होतात. आयपीएस जातीचे पडदे बाजूने चांगले दिसतात, मात्र अंधाऱ्या खोलीत त्यांचा काळा रंग तितका गडद नसतो. ओएलईडी पडदे दोन्ही बाबतींत चांगले, पण सहसा महाग असतात. घरातील कोणी नेहमी बाजूला बसत असेल, तर दहा इंच कमी घेऊन बाजूने चांगला दिसणारा पडदा घ्यावा, असे मी आता ठामपणे सांगेन. दुकानात टीव्ही पाहतानाही समोर उभे न राहता घरातल्या कोपऱ्याइतके बाजूला सरकून पाहावे.

खिडकीचा विचार थोडक्यात सांगता येतो. पडद्याच्या अगदी समोर खिडकी असेल तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते, पडद्याच्या मागे असेल तर डोळे दिपतात, आणि बाजूला असेल तर त्रास सर्वांत कमी होतो. पडदा जितका मोठा तितके प्रतिबिंब पडण्याची शक्यता अधिक.

प्रोजेक्टर: आधी उजेड, मग इंच

प्रोजेक्टरच्या बाबतीत इंच हवे तितके वाढवता येतात असे वाटते, आणि नेमके तिथेच गणित चुकते. टीव्ही स्वतः प्रकाश देतो आणि त्याचा पृष्ठभाग काळा असतो. प्रोजेक्टर पांढऱ्या पडद्यावर प्रकाश टाकतो, पण काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातली काळी रात्र म्हणजे पडद्याचा तो भाग, जिथे प्रोजेक्टरने प्रकाश टाकला नाही. खोलीत उजेड असेल तर तो भाग खोलीच्या उजेडात दिसेल तेवढा पांढराच दिसणार. दुपारी खोलीतल्या पांढऱ्या भिंतीकडे नुसते पाहा. ती ज्या रंगाची दिसते, तोच तुमच्या दुपारच्या चित्रपटातला काळा रंग असेल.

हे आकड्यांत पाहू. १०० इंची चित्र २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४.५ सेंटिमीटर उंच असते, आणि त्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास येते. प्रोजेक्टर एकूण किती प्रकाश टाकतो हे ल्युमेनमध्ये मोजतात. २,००० ल्युमेनच्या प्रोजेक्टरचा प्रकाश त्यावर पसरला की दर चौरस मीटरला सुमारे ७२५ ल्युमेन, म्हणजेच ७२५ लक्स मिळतात. दिवसाच्या उजेडात पडद्यावर खोलीतले २०० लक्स पडत असतील, तर सर्वांत उजळ भाग ९२५ लक्सचा आणि सर्वांत काळा भाग २०० लक्सचा होतो. काळ्या-पांढऱ्यातले प्रमाण पाचपटीपेक्षाही कमी. तेच संध्याकाळी पडदे ओढून, एक मंद दिवा ठेवून २० लक्सवर आणले, की हे प्रमाण ३७ पटींवर जाते. प्रोजेक्टर तोच, फरक फक्त खोलीतल्या उजेडाचा. चित्र १२० इंचांवर नेले तर तोच प्रकाश ४४ टक्के जास्त जागेत पसरतो आणि ७२५ चे साधारण ५०० लक्स होतात.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चित्रपटगृहातल्या पडद्याचा प्रमाणित उजळपणा ४८ कँडेला प्रति चौरस मीटर इतकाच असतो. पूर्ण अंधाऱ्या खोलीत साध्या पांढऱ्या पडद्यावर १०० इंची चित्रात हा उजळपणा मिळवायला खरेखुरे ४०० ते ४५० ल्युमेनच पुरतात. म्हणून दुप्पट ल्युमेनचा प्रोजेक्टर घेण्याआधी खिडक्यांना जाड पडदे लावावेत; त्याने जे साधते ते ल्युमेनने साधत नाही. यात "खरेखुरे" हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर नुसते "ल्युमेन" असा मोठा आकडा असतो, त्यावर विसंबू नये. एएनएसआय किंवा आयएसओ या प्रमाणित पद्धतीने मोजलेला आकडा शोधावा. तसेच "फुल एचडी सपोर्ट" याचा अर्थ तो फुल एचडी चित्र स्वीकारतो एवढाच होतो. प्रत्यक्ष पडद्यावर पडणारे पिक्सेल किती, हे त्याच्या मूळ रिझोल्यूशनवरून कळते.

प्रोजेक्टर कुठे ठेवायचा, यावरही चित्राचा आकार ठरतो. त्यासाठी थ्रो रेशो नावाचा आकडा पाहावा: प्रोजेक्टरच्या भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी. हा आकडा १.५ असेल तर २२१ सेंटिमीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ३३२ सेंटिमीटर मागे हवा, आणि त्याच्या मागे वायर व हवा जाण्यासाठी जागा वेगळी. भिंगापासून पडद्यापर्यंत तीनच मीटर मिळत असतील तर चित्र २०० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ९० इंचांच्या आसपास थांबते. अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रकारात हा आकडा पाव (०.२५) किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे प्रोजेक्टर पडद्याखालच्या टेबलावर ठेवूनही १०० इंची चित्र मिळते आणि मधून कोणी गेले तरी सावली पडत नाही. मात्र त्याला भिंत अगदी सपाट लागते, कारण इतक्या तिरक्या प्रकाशात गिलाव्यातला छोटासा उंचवटाही सरळ रेषेला वाकवतो. छतावरचा प्रकाश गिळून खालून येणारा प्रकाश तेवढा परत पाठवणारा खास पडदा अशा प्रोजेक्टरला फार शोभतो. प्रोजेक्टर बाजूला ठेवून कीस्टोन या सोयीने चित्र सरळ करता येते, पण त्यात कडेचे पिक्सेल वाया जातात. शक्यतो प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर समोर ठेवावा.

माझ्या मते दिवसभर चालू राहणाऱ्या, खिडक्या असलेल्या बैठकीच्या खोलीसाठी टीव्हीच घ्यावा. अंतर साडेतीन-चार मीटर असेल, पाहणे मुख्यतः रात्रीचे असेल आणि खोलीत खराखुरा अंधार करता येत असेल, तर प्रोजेक्टरला पर्याय नाही. पंख्याचा आवाज आणि दिव्याचे आयुष्य हेही पाहावे लागते: जुन्या पद्धतीचा दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो, तर लेझरवर चालणाऱ्यांचे आयुष्य साधारण २०,००० तास सांगितले जाते.

पैसे देण्यापूर्वी

टीव्ही टेबलावर ठेवायचा असेल तर पायांमधले अंतर पाहा. मोठ्या टीव्हीचे पाय बऱ्याचदा दोन टोकांना असतात, आणि पडदा टेबलात मावूनही पाय बाहेर लटकतात. भिंतीवर लावायचा असेल तर मागच्या चार भोकांचे माप, ज्याला व्हीईएसए म्हणतात, ब्रॅकेटशी जुळते का ते पाहा. पोकळ पार्टिशनवर मोठा टीव्ही आधाराशिवाय टांगू नये. घरात लहान मूल असेल तर टेबलावरचा टीव्हीसुद्धा पट्ट्याने भिंतीला बांधावा. खोक्याचे माप पडद्यापेक्षा मोठे असते, आणि मोठा टीव्ही आडवा झोपवून नेता येत नाही, त्यामुळे जिन्याचे वळण आणि लिफ्टचे दार आधी मोजून ठेवावे.

आणि शेवटी कागद. वर्तमानपत्राची पाने चिकटवून १२२ बाय ६८.५ आणि १४४ बाय ८१ सेंटिमीटरचे दोन आयत तयार करा, एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरा, ठरलेल्या उंचीवर भिंतीवर लावा. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी ६५ इंचांचा कागद सगळ्यांना अवाढव्य वाटला होता, आणि दोन दिवसांनी तो काढून ५५ चा लावला तेव्हा मुलीने विचारले, "हा लहान का केला?" कागद लावलेला असतानाच घरातल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जागी बसवून मुठी मोजायला सांगा. कोपऱ्यातल्या खुर्चीपासून सुरुवात करा.